लाल भुसा

बंगळूर
१४ सप्टेंबर १९८६

प्रिय फहमिदा,

तुझ्या लग्नाला मी का आले नाही ते तेव्हाच कळवलं होतं, म्हणून पुन्हा लिहीत नाही. आज कामासाठी लिहिते आहे.

ट्रान्सपोर्टने एक खोकं पाठवलं आहे. त्यात पडाऊक नावाच्या लाकडाचे तुकडे आहेत. हे झाड अंदमानात वाढतं. लाकूड ताजं कापलं की लाल दिसतं, नारिंगीकडे झुकणारं, मध्ये गडद रेघा. पण उजेडात राहिलं की काही महिन्यांत तपकिरी होतं आणि मग सागापेक्षा वेगळं ओळखूही येत नाही. आमची कंपनी फर्निचरचं पॉलिश बनवते. हा लाल रंग टिकवून धरील असं पॉलिश शोधण्याचं काम माझ्याकडे आहे. ते जमलं तर मी इथे कायम होईन. नाही जमलं तर मार्चनंतर घरी यावं लागेल, आणि मी घरी आल्यावर आप्पा लगेच स्थळं बघायला लागतील हे तुला सांगायला नको.

इथे ढग फार. मला औरंगाबादचं कोरडं ऊन हवं आहे. खोक्यात पातळ पट्ट्यांचा एक गठ्ठा आहे, प्रत्येकीवर वेगळं पॉलिश लावलेलं. प्रत्येक पट्टीचा निम्मा भाग काळ्या कागदाने झाकला आहे. तो कागद काढू नकोस. पट्ट्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून मांड आणि दर महिन्याला त्यांतल्या काही मला परत पाठव.

बाकीचे तुकडे तुमचे. तुझ्या नवऱ्याच्या, गयासभाईंच्या, उपयोगी पडतील. लाकूड जड आहे, वाळल्यावर वाकत-पिळत नाही, वाळवी लागत नाही. रंधा मारताना रेषा उलटसुलट असल्यामुळे चिरफळ्या निघतात, पण खरादीवर फिरवून कातताना फार चांगलं उतरतं. भुसा लाल आणि बारीक पडतो. कुठल्याही लाकडाची धूळ नाकात गेलेली चांगली नाही, तेव्हा तोंडाला कापड बांधलेलं बरं.

तुझी
द्वारका


रोशन गेट, औरंगाबाद
५ ऑक्टोबर १९८६

प्रिय द्वारका,

सलाम. तुझं पत्र बघून आधी वाटलं की हापिसातून नोटीस आली. मग तुझं अक्षर ओळखलं. लग्नाला आली नाहीस त्याचा राग अजून आहे, पण खोकं बघून थोडा उतरला.

काय लाकूड आहे गं! ह्यांनी पहिला तुकडा खरादीला लावला आणि मोटर सुरू केली, तर लाल धार उडाली. हे म्हणाले, ‘तुझ्या मैत्रिणीनं लकडी पाठवली का गुलाल?’ संध्याकाळपर्यंत ह्यांच्या भुवया लाल, बनियन लाल, पाण्याच्या माठावरसुद्धा लाल थर. भाजीवाली दगडाबाई दारात येऊन म्हणाली, ‘मेंदी कुटता का व्हय घरात?’ मी म्हटलं, व्हय, तुमच्या सुनेला पाठवते.

पट्ट्या तू सांगितल्या तशा मांडल्या. शेजारची पोरं हात लावतात म्हणून वरून जाळी टाकली.

तुकड्यांच्या ह्यांनी बांगड्या काढल्या. हे खरादीवर उतरवतात, मी आणि शहजादी पॉलिशपेपर मारतो. शहजादी म्हणजे माझी धाकटी नणंद. तू तिला बघितलं नाहीस. आईबाप गेले, आमच्याजवळच असते. बोलत नाही जास्त, पण हात असा आहे की ह्यांनी गुपचूप तिला खरादी शिकवली. बिरादरीत कुणाला सांगत नाही. तिनं उतरवलेली बांगडी आणि ह्यांची बांगडी शेजारी ठेवली तर मी तिचीच उचलीन.

फर्दापूरच्या रामकिसन दुकानदारानं नमुन्याला नेल्या होत्या, अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्या गोऱ्या बायकांनी दोन दिवसांत संपवल्या. आणखी मागतोय. तू आणखी तुकडे पाठवशील का?

एक विचारायचंय. शहजादीनं लाल बांगडीत मधोमध पांढऱ्या लाकडाची बारीक पट्टी बसवली. लई सुंदर दिसत होती. त्यावर नेहमीचं लाखेचं पॉलिश मारलं आणि पांढरी पट्टी गुलाबी झाली. ती दिवसभर जेवली नाही. हे असं का झालं?

आणि ह्या भुशानं मला शिंका लई येतात. डोळ्याला पाणी लागतं, परवा तर श्वास घेताना छातीत शिट्टी वाजत होती. हे हसतात, म्हणतात घरात रेल्वे आली.

तुझीच
फहमिदा


बंगळूर
२० ऑक्टोबर १९८६

प्रिय फहमिदा,

पहिल्या पट्ट्या मिळाल्या. व्यवस्थित बांधल्या होत्यास. धन्यवाद.

पांढरी पट्टी गुलाबी होण्याचं कारण असं. पडाऊकचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, पण स्पिरिटमध्ये लगेच उतरतो. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये कालवलेलं असतं. फडका लाल भागावरून पांढऱ्यावर गेला की रंगही बरोबर जातो. शहजादीची चूक नाही. पुढच्या वेळी आधी पांढऱ्या लाकडावर तेलाचा हात द्या, तो पूर्ण वाळू द्या आणि मग सगळ्या बांगडीलाही तेलच लावा. चकाकी कमी येईल, पण रंग आपल्या जागी राहील.

गिऱ्हाइकांना बांगड्या कापडात गुंडाळून द्यायला रामकिसनना सांगा. दुकानात उन्हात टांगलेल्या बांगड्या आधी काळवंडतात.

दुसरं खोकं पाठवते आहे. हे पहिल्यापेक्षा मोठं आहे. पट्ट्याही जास्त आहेत.

तुझी
द्वारका


रोशन गेट, औरंगाबाद
२ डिसेंबर १९८६

प्रिय द्वारका,

तेलाचं एकदम बरोबर निघालं. शहजादीनं पांढऱ्या पट्टीची बांगडी पुन्हा केली, आणि ह्या खेपेला रंग जागचा हलला नाही. तिनं मला विचारलं, ‘तुमची मैत्रीण लाकडाची डॉक्टर आहे का?’ मी म्हटलं, हौ, माणसांना हात लावत नाही. रागावू नको, गंमत केली.

फर्दापूरचं काम एवढं वाढलंय की ह्यांनी लोखंडी खाट विकून त्या जागी दुसरी खरादी बसवली. एकीवर हे, एकीवर शहजादी. आता बिरादरीलाही कळलं. पहिल्यांदा दोन-चार जणींनी नाकं मुरडली, मग त्यांच्याच पोरींना पाठवून विचारायला लागल्या की आमच्या पोरीला शिकवशील का.

मी पॉलिशपेपरचं काम सोडलं. घरचं काम लई असतं, वेळ होत नाही. आता तेही शहजादीच करते. माझी तब्येत एकदम चांगली आहे, शिंका नाहीत, काही नाही.

शहजादीला थोडा खोकला धरलाय. थंडी आहे ना. मी तिला हळद-दूध देते.

पट्ट्या पाठवल्या. ज्यांच्यावर निळी खूण आहे त्या अजून चांगल्या लाल दिसतात, तुला बघून बरं वाटेल.

तुझीच
फहमिदा


बंगळूर
१६ डिसेंबर १९८६

प्रिय फहमिदा,

निळ्या खुणेच्या पट्ट्यांबद्दल तुझं निरीक्षण बरोबर आहे. मी रंग मोजण्याच्या यंत्रावर पाहिलं. झाकलेल्या आणि उघड्या भागात फरक अगदी थोडा आहे. आमचे साहेब पहिल्यांदाच स्वतः माझ्या टेबलापर्यंत आले.

आणखी तीन महिने पट्ट्या उन्हात राहायला हव्यात. तोवर काम थांबवू नका. तिसरं खोकं रवाना केलं आहे.

शहजादीचा खोकला थंडीचा असेल तर हवा बदलली की जाईल. खोलीची खिडकी उघडी ठेवत जा.

तुझी
द्वारका


रोशन गेट, औरंगाबाद
८ मार्च १९८७

प्रिय द्वारका,

जानेवारीत तुझं पत्र आलं त्याचं उत्तर दिलं नाही. फेब्रुवारीतही दिलं नाही. पट्ट्या मात्र पाठवल्या होत्या, मिळाल्या असतील.

शहजादी घाटीच्या सरकारी दवाखान्यात आहे. गेल्या जुम्याला दुपारी खरादीवरून उठली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. मी विचारलं काय झालं, तर बोलता येईना. ओठ निळे पडत होते. श्वास आत जात होता पण बाहेर येत नव्हता. ह्यांनी तिला सायकल रिक्षात उचलून नेलं. सारा रस्ता ती माझ्या मनगटाला घट्ट धरून होती. दोन रात्री नळी लावली. आता ऑक्सिजन काढलाय, बसून चहा घेते.

डॉक्टरनं मला विचारलं, ही काय काम करते? मी म्हटलं, घरकाम.

का म्हटलं मला सांगता येत नाही. दुसरी खरादी बंद होईल, रामकिसनची ऑर्डर जाईल, असं काही मनात आलं असेल. तोंडातून निघून गेलं. डॉक्टर म्हणाले, मग हिची छातीच नाजूक आहे, जन्मापासूनच असेल. शहजादीनं ते ऐकलं.

तू लाकडाचं शिकलीस. लाकडामुळं असं होतं का गं? तुझ्या पुस्तकात काही आहे का? असलं तर लवकर लिही.

फहमिदा


बंगळूर
१५ मार्च १९८७

प्रिय फहमिदा,

पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तर लिहिते आहे.

होय, होऊ शकतं. पडाऊकची बारीक धूळ काही लोकांच्या छातीला बाधते, असं अलीकडेच माझ्या वाचनात आलं. सगळ्यांना बाधत नाही. ज्याला बाधते त्याला मात्र दरवेळी आधीपेक्षा कमी धुळीने जास्त त्रास होतो. शहजादीला त्या खोलीत नेऊ नका. उरलेले तुकडे आणि भुसा घराबाहेर काढा. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. डॉक्टरांना खरं काम सांगा.

कंपनीने तुकडे पाठवणं बंद केलं आहे, असं गयासभाईंना आणि शहजादीला सांग. ते सगळ्यांना सोपं जाईल.

पट्ट्यांचं काम संपलं. आता आणखी मांडू नकोस.

द्वारका


रोशन गेट, औरंगाबाद
१९ एप्रिल १९८७

प्रिय द्वारका,

शहजादी घरी आली. तू सांगितलं तसं खोली पुसून काढली. फडके किती वेळा पिळले, पाणी लालच. तुकडे बंद झाले असंही सांगितलं.

ते ऐकून ती काय म्हणाली ते तुला लिहायलाच हवं. तिला वाटतं की तुकडे तिच्यामुळं बंद झाले. ती आजारी पडली, पट्ट्या वेळेवर गच्चीवरून काढल्या गेल्या नाहीत, म्हणून तुझ्या कंपनीनं हात काढून घेतला. तिनं मला बसवून घेतलं आणि म्हणाली, ‘भाभी, द्वारकाआपा को लिखो, मेरी छाती नाजूक निकली, मैंने उनका काम बिगाडा, माफ करना.’ तिला मराठी लिहिता-वाचता येत नाही, मदरशात उर्दू शिकली, म्हणून मला लिहायला सांगितलं. मी तिच्यासमोर एका कागदावर लिहिलं आणि मग फाडून टाकलं. पण आता लिहिते आहे, कारण ती रोज विचारते की जवाब आला का.

दुसरी गोष्ट. पडाऊक गेलं म्हणून तिनं ह्यांच्याकडून शिसवीचे तुकडे मागून घेतले. म्हणते, नुकसान भरून काढते. काल तास-दीड तास बसली आणि रात्री पुन्हा दम लागून आडवं होता येईना, उशाशी तीन उशा लागल्या. मी म्हटलं नको, तर म्हणते, ‘छाती नाजूक आहे तर हळूहळू सवय होईल.’ तिला वाटतंय की दोष तिच्यात आहे, आणि हिंमत केली की जाईल.

आता माझं ऐक. तू लिहिलंस की तुला अलीकडं कळलं. मला तर नोव्हेंबरातच कळलं होतं. कुणी सांगितलं नाही, मीच बघितलं. ज्या दिवशी साग असे त्या दिवशी माझी छाती मोकळी असे, ज्या दिवशी लाल लाकूड असे त्या दिवशी शिट्टी वाजे. चार-पाच वेळा ताडून बघितलं. मग मी ते काम सोडलं. ‘घरचं काम लई’ असं तुला लिहिलं होतं ना, ते खोटं होतं. पॉलिशपेपर उचलून मी तिच्या हातात दिला. तिला खोकला लागला तेव्हा हळद-दूध दिलं, आणि दूध देताना मला ठाऊक होतं की हे थंडीचं नाही. रामकिसनची ऑर्डर मोडवत नव्हती. ती आमच्या घरात राहते, तिला कुठं जायचं नाही, ती नाही म्हणणार नाही, हेही मला ठाऊक होतं.

हे ह्यांना सांगितलेलं नाही. तुला सांगितलं कारण तू तरी ह्यात निर्दोष आहेस. आता मी काय करू ते सांग.

फहमिदा


बंगळूर
२६ एप्रिल १९८७

प्रिय फहमिदा,

मी निर्दोष नाही. तुझं पत्र वाचून तुझा तो समज एक दिवस तसाच राहू दिला होता. ते जास्त वाईट होतं, म्हणून आता लिहिते.

मला नोव्हेंबरात नव्हे, पहिलं खोकं पाठवण्याआधी माहीत होतं. आमच्या करवतखान्यातल्या दोन माणसांना पडाऊक कापताना दम लागायला लागला, म्हणून त्यांना तिथून हलवलं. ते ठरलं तेव्हा मी त्याच खोलीत होते. त्यांच्यातला एक जण जिना चढताना मध्ये बसतो, तेही मी पाहते. ‘अलीकडेच वाचनात आलं’ हे खोटं होतं.

पहिल्या पत्रातलं माझं वाक्य तुला आठवत असेल. कुठल्याही लाकडाची धूळ चांगली नाही, कापड बांधलेलं बरं. ते मी दोनदा खोडून लिहिलं होतं. पुढे कुणी विचारलं तर सांगितलं होतं असं म्हणता यावं, आणि वाचणाऱ्याने काम मात्र थांबवू नये, असं ते वाक्य आहे. जमलंही तसंच. ऑक्टोबरात तू छातीतल्या शिट्टीबद्दल लिहिलंस, त्या पत्राच्या उत्तरात मी बांगडीच्या गुलाबी पट्टीबद्दल लिहिलं. तुम्ही लाकूड सोडलं असतं तर पट्ट्याही गच्चीवरून काढून टाकल्या असत्या. निदान मला तशी भीती होती. खरं तर मी विचारलंच नाही. तू नुसत्या पट्ट्या मांडल्याही असत्यास.

पॉलिश जमलं. एक एप्रिलपासून मी कायम झाले आहे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

शिसवीचं आजच थांबायला हवं. पडाऊकने एकदा छाती धरली की शिसव आणि बिबळा यांसारख्या त्याच्या जातीच्या लाकडांनीही धरू शकते. हिंमत करून जाणारी ही गोष्ट नाही. उलट प्रत्येक वेळी शहजादी मरणाच्या जवळ जाईल. लाकूड संपलं, कंपनीने बंद केलं, असली कारणं देऊन ती थांबणार नाही, कारण तिला वाटतं की दोष तिचा आहे. तिला खरं कळलं तरच ती थांबेल.

सोबत तिच्या नावाचं पत्र आहे. मला उर्दू येत नाही. बाहेरच्या कुणाकडून ते वाचून घेणं बरं नाही. तेव्हा तुलाच वाचून दाखवावं लागेल. त्यात फक्त माझं आहे. तुझं मी लिहिलेलं नाही, ते लिहिण्याचा मला अधिकार नाही. शब्द बदलू नकोस.

द्वारका


(सोबतचं पत्र)

शहजादी,

सलाम. तू माझी माफी मागितलीस असं फहमिदाने कळवलं. ती मला घेता येत नाही.

तुझी छाती नाजूक नाही. ती जन्मापासून चांगली होती. ती लाल लाकडाच्या भुशाने बिघडली. ते लाकूड मी पाठवलं. त्या भुशाने माणसं आजारी पडतात हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. माझं काम अडू नये म्हणून सांगितलं नाही. दुसरं कारण नव्हतं.

तू काहीही बिघडवलेलं नाहीस. पट्ट्या वेळेवर आल्या, माझं काम पूर्ण झालं.

आजपासून पडाऊक, शिसव, बिबळा यांतल्या कुठल्याही लाकडाच्या भुशाजवळ जाऊ नकोस. दुसऱ्याने कापलं तरी त्या खोलीत बसू नकोस. सवय होणार नाही. डॉक्टरकडे जा आणि तू खरादीवर काम करत होतीस हे स्वतः सांग. पुन्हा कधी खरादीवर बसता येईल का, ते मला माहीत नाही. बहुतेक नाही. हे दुसऱ्या कुणी गोड करून सांगण्याआधी मी सांगते आहे.

पांढऱ्या पट्टीची बांगडी फहमिदाने मला पाठवली होती. इतकं स्वच्छ काम मी इथल्या कारखान्यात पाहिलेलं नाही. तेच मी तुझ्याकडून काढून घेतलं.

या पत्राला तू जवाब द्यावास असं नाही.

द्वारका औताडे


रोशन गेट, औरंगाबाद
१० मे १९८७

द्वारका,

तुझं पत्र आलं तेव्हा रोजे सुरू झाले होते. मी ते आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवलं. तिला सांगितलं, शिसवीत वाळवी निघाली, आता बसू नको. पाचव्या दिवशी तिनं तुकडे उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, कुठंय वाळवी?

म्हणून काल दुपारी वाचलं. हे नमाजला गेले होते. ती भिंतीला टेकून बसली होती, मी समोर.

तुझे शब्द बदलले नाहीत. काही तिला कळले नाहीत ते आमच्या बोलीत फिरवून सांगितले, एवढंच. ‘बहुतेक नाही’ तिथं तिनं डोळे मिटले, मी थांबले, तर हातानंच म्हणाली पुढं वाच.

तुझं नाव आलं आणि पत्र संपलं. मला तिथं थांबता आलं असतं. तू माझ्यासाठी तेवढी जागा ठेवलीच होतीस. पण ती म्हणाली, ‘भाभी, बिचाऱ्या तुम्हाला काय ठाऊक, तुम्ही तर मला दूध देत होतात.’

मग मी कागद तसाच धरून ठेवला आणि पुढं वाचायला लागले. साग असला की छाती मोकळी कशी असायची ते. चार-पाच वेळा ताडून बघितलं ते. पॉलिशपेपर तिच्या हातात दिला, डॉक्टरला घरकाम सांगितलं, दूध देताना ठाऊक होतं. सगळं कागदाकडं बघत सांगत गेले, जणू तूच लिहिलंयस, फहमिदानं असं केलं, फहमिदानं तसं केलं. माझं नाव मी दुसऱ्या कुणाचं असावं तसं घेत होते. किती वेळ बोलले कळलं नाही.

तिला मराठी वाचता येत नाही, पण कागद तिला दिसत होता. एकच पान, तेही खाली कोरं. तिनं पुढं होऊन माझ्या हातातून ते काढून घेतलं, घडी घातली आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

म्हणाली, ‘भाभी, कागद तो कब का खतम हुआ. अब मेरेकू देख के बोलो.’

फहमिदा